स्वयंपाकघरातल्या दोघी

११ जानेवारी, रविवार

हळदीकुंकवाचं आमंत्रण सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पंचवीसला रथसप्तमी रविवारीच येतेय, सगळ्यांना सोयीचं. गेल्या वर्षीचाच मेसेज उचलला, फक्त तारीख बदलली. खालच्या मजल्यावरच्या लोरेनला तोच इंग्रजी करून पाठवला. तिचं उत्तर: "सगळ्या विवाहित बायकांना? माझा डीटर जाऊन बरीच वर्षं झाली. मला आत घेणार, की मी जिन्यातच उभी राहू?" पुढे हसरे चेहरे.

मीही हसले. मग आपण काय पाठवलंय ते नीट वाचलं. "सर्व सुवासिनींना आग्रहाचं आमंत्रण."

आणि ग्रुपमध्ये आई आहेत. स.च्या आई, माझ्या सासूबाई. बाबा गेल्या वर्षी चैत्रात गेले. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या नकोत म्हणून स. त्यांना नोव्हेंबरात इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेला घेऊन आला. मोबाइल सतत हातात, म्हणजे वाचलंच असणार. दुपारी नेहमीसारखी आमटीला फोडणी दिली. गाढव आहे मी.

१२ जाने.

मटार सोलताना आईंनीच विषय काढला. "त्या दिवशी मी आत राहीन. तळणाचं माझ्याकडे लागलं."

म्हटलं, आई, तो मेसेज जुना होता, चुकून गेला.

"चुकून कशाला? बरोबरच आहे की. आणि मला कुणी काही म्हणालेलं नाही, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. मीच म्हणतेय."

हेच तर. कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते, भांडणात माझा हात कुणी धरत नाही. पण जी बाई स्वतःच स्वतःला आत बसवते तिच्याशी कसं भांडायचं? जन्मभर शाळेत मुलींना गणित शिकवलेली बाई. पुण्याच्या सोसायटीत आईंचं हकुं म्हणजे चपला जिन्यापर्यंत. आता कपाळावर बारकी काळी टिकली, तीही माझ्या आग्रहाने.

स. म्हणाला, "तिला नको असेल तर नको. मग फोर्स नको करूस." गाड्यांच्या ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं काढली की माणूसही ब्रेकच होतो. चिडले त्याच्यावर. तो बिचारा भांडी घासायला गेला.

१४ जाने. संक्रांत

ऑफिस आटोपून आईंना घेऊन लोरेनकडे तिळगूळ द्यायला. वड्या थोड्या कडक झाल्यात. लोरेनने दाढेखाली धरली आणि म्हणाली, दात गेले तर बिल तुझ्या नावावर.

लोरेन शहात्तरची, आईंपेक्षा दोन वर्षांनी मोठी. काळी, उंच, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या गावची. इथे अमेरिकन छावणी होती तेव्हा तिथल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून आली. डीटरशी लग्न केलं. छावणी गेली, ही राहिली. आई तिला लोरेनबाई म्हणतात आणि ती त्यांना आइ, ईकार न ओढता. मध्ये मी, दुभाषी. (तिचं बोलणं इथे मी माझ्या मराठीतच लिहितेय, तिचा ठसका काही त्यात उतरत नाही.)

आज तिच्या आईची गोष्ट निघाली. ती एका गोऱ्या घरात स्वयंपाकाला. जायचं मागच्या दाराने. जेवायचं स्वयंपाकघरात उभ्याने, ताट वेगळं. त्या घरची मुलं हिनेच अंगाखांद्यावर वाढवलेली.

आईंनी मला विचारायला लावलं, "स्वयंपाक हिच्या आईचाच खायचे ना ते?"

"मिटक्या मारत."

"मग ताट का वेगळं?"

लोरेन म्हणाली, "हेच मी सहा वर्षांची असताना विचारलं. आईने मला गप्प बसवलं."

पुढे कायदा बदलला. मालकीण म्हणाली, आता पुढच्या दाराने ये हवं तर. तरी लोरेनची आई मरेपर्यंत मागूनच जात राहिली. "कुणी अडवत नव्हतं आता. पण पायांना सांगणार कोण?" हे बोलताना लोरेन माझ्याकडे नाही, आईंकडे बघत होती. ग्रुपच्या मेसेजचं मी तिला सांगितलं होतं, तेवढंच. बाकी तिने ओळखलंच असणार.

वर येताना आई जिन्यात थांबल्या. धाप लागली म्हणून असेल. "घरोघरी मातीच्या चुली गं. मला वाटायचं अमेरिकेत तरी..." मग दोन पायऱ्यांनी, "आपल्या कुसुमचा कप खिडकीतच असतो नाही का अजून." कुसुम त्यांच्याकडे मी लग्न होऊन गेले त्याच्याही आधीपासून धुणंभांडी करते.

१८ जाने.

लोरेनचा मूड वाईट. तिची धाकटी बहीण विल्मा अजून त्याच गावात असते. तिच्या वस्तीतलं मतदान केंद्र बंद करून गावाबाहेर लांब हलवलंय. विल्माचे गुडघे गेलेले, गाडी नाही, बस तिकडे जात नाही. "मत द्यायला बंदी नाही हं कुणाला," लोरेन म्हणाली. "फक्त दार लांब नेऊन ठेवलंय."

ऑफिसातल्या दिवसांचंही बोलली. नवे आलेले हिच्याकडून काम शिकायचे आणि वर्षा-दोन वर्षांत हिचेच साहेब व्हायचे. "गोऱ्या बायकांना निदान खुर्ची मिळाली, काळ्या पुरुषांना निदान हुद्दा. मला दोघांचं टायपिंग." हसून म्हणाली. मला नाही हसू आलं. आमच्या टीममध्ये दर मीटिंगची प्रोटोकोल, म्हणजे टिपणं, कोण लिहितं? मी. का? कारण माझं अक्षर चांगलं आहे म्हणे. लॅपटॉपवर.

आईंना सगळं सांगितलं. संध्याकाळी डबा भरून कढी-खिचडी घेऊन त्या एकट्याच खाली गेल्या. तासाभराने बघायला गेले तर दोघी सोफ्यावर, एकाच पांघरुणात पाय, समोर अमेरिकन बातम्या. स्क्रीनवर कुणीतरी टाय लावून तावातावाने बोलत होता.

"हा खोटारडा आहे," आई मला म्हणाल्या.

"काय म्हणतोय ते कळतंय का तुम्हाला?"

"त्याला भाषा कशाला हवी? पाचवी ब ला असली दहा पोरं असायची."

लोरेनला भाषांतर करून सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मला दोघींचा इतका लळा लागलाय, नजर लागेल अशी भीती वाटते.

२० जाने.

ग्रुपवर नवा मेसेज टाकला. "आधीचं आमंत्रण रद्द. सर्व बायकांना बोलावणं आहे. सर्व म्हणजे सर्व."

मंडळातल्या शर्वरीचे लगेच दहा बदाम. मंजिरीताईंचा फोन. त्या मंडळात सगळ्यात जुन्या, मला इथे घर मिळत नव्हतं तेव्हा तीन आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलेल्या, त्यामुळे उलट बोलवत नाही. "करायचं ते कर गं, पण मग त्याला गेट-टुगेदर म्हण. हळदीकुंकू कशाला म्हणतेस?"

म्हटलं, कारण हळद आहे आणि कुंकू आहे.

"बरं," म्हणाल्या. येणार की नाही ते सांगितलं नाही.

आईंनी मेसेज चष्मा लावून वाचला. "छान लिहिलंयस." मग चष्मा पुसत, "मी आतच हं पण."

रात्री आमची रेवा, वय वर्षे नऊ, दात घासता घासता: "वारूम डार्फ ओमा निष्ट?" आजीला परवानगी का नाही. म्हटलं परवानगी आहे, पण आजीलाच नकोय. "ग्लाउब इश निष्ट," मला नाही पटत, म्हणाली आणि चूळ भरली. मलाही नाही पटत, पिल्ला.

२५ जाने. रथसप्तमी

लिहायचंच आहे आज. हात दुखतायत तरी.

चारपासून बायका यायला लागल्या. मंजिरीताई आल्या, पैठणीत, मला बरं वाटलं. वाण म्हणून चहाची गाळणी, इथली चांगली टिकतात. आई ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात, दार ओढून घेतलेलं, साबुदाणेवडे तळत होत्या. दर पाच मिनिटांनी दार किलकिलं व्हायचं आणि एक ताट बाहेर यायचं. नुसता हात दिसायचा. 

लोरेन आली. चर्चची जांभळी हॅट, हातात रताळ्याचा अमेरिकन पाय, केकसारखा, स्वतः केलेला. सगळ्यांना हॅलो केलं, सोफ्याकडे चालली आणि थबकली. "आइ कुठे आहे?"

मी दाराकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. डिश माझ्या हातात दिली, हॅट काढली, दार ढकलून आत गेली. मी मागोमाग. खिडकीपाशी रेवाचं स्टूल आहे, त्यावर बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

आई गडबडल्या. "अहो लोरेनबाई, तुम्ही बाहेर बसा. इथे तेल उडतंय. मृणाल, सांग त्यांना."

सांगितलं. लोरेन म्हणाली, "नवरा गेलेल्या बायका इथे बसतात असं दिसतंय. मग माझी जागा हीच."

"तसं नाहीये ते! त्या पाहुण्या आहेत!"

"तिला सांग," लोरेन माझा हात धरून म्हणाली, "माझ्या आईचा सगळा जन्म दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेला. मी सतराव्या वर्षी शपथ घेतली होती, असल्या बंद दाराआड बसणार नाही म्हणून. आज बसलेय. हिच्यासाठी. ही उठेपर्यंत उठणार नाही."

हे मराठीत सांगायला घेतलं. निम्मं सांगितलं, निम्मं रडले. कढईतले वडे काळे झाले. आईंनी गॅस बंद केला. बराच वेळ झाऱ्यातून तेल निथळताना बघत राहिल्या.

मग एकदम शाळेतल्या आवाजात: "पाहुण्या बाईला असं स्वयंपाकघरात बसवून ठेवायचं, ही काय रीत झाली? चला. उठा."

लोरेनला शब्द कळले नाहीत, पण उठली. आईंनी पदर खोचला होता तो सोडला, तिचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं. म्हणजे आई अजूनही असंच म्हणतील, की मी कुठे गेले, मी पाहुणीला पोचवायला गेले. म्हणू देत. मंजिरीताई सोफ्यावर सगळ्यात कडेला होत्या. त्यांनी पैठणी आवरली, सरकल्या. "बसा वहिनी," एवढंच. दोघी शेजारी शेजारी बसल्या.

मी तबक घेऊन फिरले. लोरेनला हळद लावली, कुंकू लावलं. "सुंदर दिसतंय ना?" तिने शर्वरीला विचारलं. मग आई. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळद लाव. कुंकू राहू दे."

लावली. नुसती हळद. त्यांनी डोळे मिटले होते. मी वाकून नमस्कार केला आणि उठेचना, शर्वरीने उठवलं.

२६ जाने.

स.ला सगळं सांगितलं. काल रेवाला पोहायला नेलं होतं त्याने, त्यामुळे काही पाहिलं नव्हतं. ऐकता ऐकता कांदा चिरायचा थांबला. मग कांद्याचं कारण सांगून नाक पुसलं. जा, जा, कांदाच तो.

आईंनी वडे करपल्याबद्दल तीनदा हळहळ व्यक्त केली. 

१ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या शनिवारी आईंचं विमान. व्हिसा संपतोय.

दुपारी पुण्याहून व्हिडिओ कॉल. आईंच्या भाचीची मुलगी मुग्धा, महिनाअखेर लग्न. इथले फोटो शर्वरीने कुठे कुठे टाकलेत, त्यातला एक पोरीने पाहिला. "आजी, माझी पहिली हळद तू लावायचीस. मी सांगून टाकलंय सगळ्यांना." मागे तिची आई दिसत होती. ती म्हणाली, "मुलाकडची माणसं जरा जुन्या वळणाची आहेत, मावशी."

"बघू," आई म्हणाल्या. फोन ठेवला. मला विचारतील असं वाटलं, मी भाषण तयार ठेवलं होतं. विचारलं नाही. शाल घेतली. "लोरेनबाईंकडे जाऊन येते."

"येऊ का मी? बोलायला?"

"काही नको."

जेवायच्या वेळेपर्यंत आल्या नाहीत म्हणून खाली गेले. लोरेनचं दार लोटलेलं होतं. आई मराठीत बोलत होत्या, न थांबता, बाबा गेल्यापासून इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मग लोरेन इंग्रजीत. शरदात ती गावी जाणार आहे, विल्माला गाडीत घालून त्या लांबच्या केंद्रावर नेणार, रांगेत तिच्याबरोबर उभी राहणार. काय अडवतात बघू म्हणाली. आईंना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार.

मग आईंचा आवाज, अगदी लहान मुलीसारखा.

"तिथे माझ्याबरोबर आत येऊन कोण बसणार हो, लोरेनबाई?"

आणि लोरेन म्हणाली, "आय नो, हनी. आय नो."

बेलपर्यंत गेलेला हात मी खाली घेतला आणि वर आले. भातावर ताट झाकून ठेवलंय. स. विचारतोय, आई कधी येतेय. म्हटलं, तू जेवून घे.