सुसरीच्या पोटातली पितळी नळी

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा लेथकाम, पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या ह्यांनी तो दोनदा वाचला.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात ह्यांना मिळावी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिअरबॉक्स उघडते म्हणून मी चाळीस वर्षं बोलणी खाल्ली. आता टेबल त्यांच्या एकट्याचं.

२. लेथ, ड्रिल आणि मापाची हत्यारं मुलीला. शेजारच्या वेल्डरला काही नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील सांगतात. त्याने नेलेला ग्राइंडर मात्र परत आणावा.

३. पोस्टमनच्या जुन्या मोटरसायकलची चेसिस हातभर लांबवून मी वेगाच्या शर्यतीसाठी 'सुसर' बांधली. ती सरळ धावते, वळणं तिच्या स्वभावात नाही. तिच्या अंगावरचा पत्रा माझ्या दिरांच्या कपाटाचा आहे. पंधरा वर्षं ते कपाट मागत आहेत. कपाटावरचा त्यांचा हक्क मी इथे मान्य करते. पत्रा गाडीवरच राहील. त्यांनी हवं तेव्हा येऊन बघून जावं.

४. सुसर मुलीला, आणि तिच्यासोबत एक कबुली.

सुकलेल्या तळ्यावरच्या शर्यतीचा नियम असा, की एकदा जायचं, तासाभरात उलट यायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. विक्रम ताशी दोनशे अकरा किलोमीटरचा होता. बारा वर्षांपूर्वी सुसरीवर मुलीचे जाताना दोनशे नऊ आले, येतानाही दोनशे नऊच. दीर चारचौघांत म्हणाले, भीतीने पोरीचा हात आखडला. मीही म्हटलं, होतं असं. त्याच आठवड्यात तिने हेल्मेट विकलं. आज ती लोकांना गाडी हळू चालवायला शिकवते.

हात आखडला नव्हता. सुटायच्या आधी टाकीवर हनुवटी टेकून ती आडवी झाली, तेव्हा घाबरले ती मी. प्लग बघते असं सांगून मी तिला उठवलं आणि कार्बोरेटरच्या झाकणाखाली पितळी नळी सरकवली. तेव्हापासून मूठ कितीही पिळली तरी झडप पाऊणच उघडते. घाबरलेल्या माणसाचा आकडा दोन्ही वेळा सारखा येत नाही, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही, दिरांच्या तर नाहीच. नळी अजून तिथेच आहे. पोरी, तुझा मला फार अभिमान वाटत होता, पण भीती त्याहून जास्त वाटली. चूक माझी.

५. कलम चार माझ्या मृत्यूनंतर, सुसरीसमोर उभं राहून, दिरांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावं.

साक्षीदार: शेजारचा वेल्डर (सही). शर्यतीत वेळ नोंदवणारे घड्याळवाले (सही).
ठिकाण: घरामागचं वर्कशॉप. तारीख: अकरा मार्च.
लिहून देणार: सुसरवाली (सही).

ता. क. कलम पाच रद्द. सही करताना वेल्डर म्हणाला, "ताई, मेल्यावर कशाला? पोरगी बाहेर गाडी लावतेय." त्याने तिला हाक मारली. तिने कागद वाचला, पाना घेतला आणि नळी काढली. तासभर कार्बोरेटर खोलून पुसत बसली. मग नळी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "आई, यंदा तळं कधी सुकेल?"