टोपल्यातलं पत्र

नालवाडी,
ता. १८ नोव्हेंबर १९८४

चि. रुख्मिणीस मावशीचे आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. मी बरी आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, एवढंच. बालवाडीत कागदाची फुलं करायची आहेत आणि खळ जमत नाही, असं लिहिलंस. सोपं आहे. उरलेला मऊ भात पाट्यावर वाटायचा आणि पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. चकाकी आली की फडक्यातून गाळायची. गाळत नाहीस म्हणून तुझ्या खळीत गाठी होतात. मोरचुदाने कीड लागत नाही, पण ते विषारी आणि मुलं बोटं चाटतात, म्हणून चिमूटभर तुरटीच टाक.

एक मात्र आहे. ही खळ पाण्याने सुटते, कितीही वर्षांनी.

एवढं लिहून दोन दिवस कागद तसाच पडला होता.

तुझे मावसाजी गेले तेव्हा तुझी आई आली नाही. महिन्याभराने तिचं निळं पत्र आलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, असंच सगळे समजतात. पण वाण्यासाठी रद्दीचे पुडे चिकटवता चिकटवता मी अक्षरं जुळवू लागले होते. पाठीमागचं तिचं नाव, 'भागीरथा', मी वाचलं. आता आठवण झाली का हिला, असं मनात आलं. त्या दिवशी गव्हाच्या टोपल्याला कागद लावत होते. पत्र न फोडताच बुडाशी चिकटवलं आणि वरून दोन थर दिले.

पंधरा दिवसांनी ती गेली. तेराव्याला तू माझा पदर धरून विचारलंस, "मावशी, तू काऊन नाई आली?" आठ वर्षांची होतीस.

मी म्हटलं, "मले पत्रच नाई भेटलं."

तुझे बाबा, रूपराव, तिथेच होते. "मीच पेटीत टाकलं होतं," एवढंच म्हणाले. कोणी ऐकलं नाही. तू तेव्हापासून रूपरावांना ताट वाढतेस, पण बोलत नाहीस. याही कार्डात त्यांचं नाव नाही.

दिवाळीत टोपल्याचे कागद फाटले म्हणून ते भिजत घातलं. थर सुटले आणि पत्र आपोआप उघडलं. बॉलपेनची अक्षरं शाबूत होती. "बाई, मी खाटेवरून उठून नाई राह्यली, म्हणून भाऊजीच्या वख्ताले आली नाई. तू एकडाव येजो. पोरगी तुह्या हातची वेणी मागते."

आता मी वाचनालयातून जाड जाड पुस्तकं आणते. या चार ओळी वाचायला मला अकरा वर्षं लागली.

ते पत्र सोबत आहे. घडीवर विरलं होतं म्हणून तेवढ्यावर मलमलीची पट्टी चिकटवली आहे. खळ तुला सांगितली तीच. तू आधी रूपरावांच्या हातात दे. वर पोस्टाचा शिक्का आहे, तो त्यांना दिसू दे. मग माझ्याशी कसं वागायचं ते तू ठरव. मी तुला ये म्हणणार नाही.

पत्र मिळूनही न आलेली
तुझी मावशी,
देवका