सन १९०६चा व्हाइस

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार
आज पाचवा व्हाइस घरी आणला. हा शेवटचा. इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी वाद नको.
वाडीला नत्थूजीचं भंगाराचं दुकान आहे. कुठल्याशा ट्रक गॅरेजमधून आलेल्या लोखंडात हा पडला होता. काम आवळून धरायला सहा इंची जबडा, खाली फिरता बेस, वजन तीस किलो तरी. थुंकी लावून घासलं तर बुडाशी ओतीव अंक: १९०६. मी चेहरा साधा ठेवला. नत्थूजीला पत्ता लागू दिला नाही. एकोणतीस वर्षं सरकारी वर्कशॉपचं स्टोअर सांभाळलं ते फुकट नाही. फिटर लोक व्हाइस नुसता वापरतात. ओळखतो तो स्टोअरवाला.
ऑटोतून उतरवताना कंबरेत कळ आली. बायकोने, अरुंधतीने विचारलं, "आता हे काहून आणलं?" म्हणालो, एकशे अठरा वर्षांचा आहे. "मंग त्याले आराम करू द्या न," म्हणाली.
तिला इतिहासाची आवड नाही.

१४ नोव्हेंबर
किरकोळ अडचण. हँडल फिरतं, पण जबडा आवळत नाही. स्क्रूला आतून धरणारा नट झिजून गुळगुळीत झालाय. त्या काळचा मूळ नटच शोधायचा. नवा करून घालायचा नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
तपासायला व्हाइस पक्का बसवणं भाग होतं. घरात तेवढं दणकट टेबल एकच, अरुंधतीचं शिवणाचं. सागवानी. मशीन उचलून खाली ठेवली, टेबलाला चार भोकं पाडली, बोल्ट कसले. काय बसलाय! ती बाजारातून आली, पाहिलं, खाली ठेवलेल्या मशीनवर कापड टाकलं. मला वाटलं होतं कटकट करेल. आवडला असावा.

१७ नोव्हेंबर
अरुंधती जमिनीवर बसून लोकांचे ब्लाउज शिवते आहे. मशीन मोटरची आहे, टेबल लागतंच असं नाही. पाठ धरली म्हणाली. म्हणालो, योगासनं कर. मीही उद्यापासून करणार. पहाटे पाच.

२१ नोव्हेंबर
अरुंधती भिवापूरला गेली, बहिणीकडे, कौसल्याकडे. दोन दिवसांसाठी. मशीन सोबत नेली. तिकडे सर्व्हिसिंग चांगली होत असेल.
घर शांत आहे. आता काम झपाट्याने होईल.

३० नोव्हेंबर
दोन दिवसांचे नऊ झाले. मिरचीचा हंगाम येतोय, बहिणीने अडकवून ठेवलं असणार. मी फोन करणार नाही. गेली ती, तिने करावा. फार तर तिच्या वाढदिवसाला करेन. तो कधी असतो, मुलीला, हर्षाला विचारून ठेवायचं.
योगासनं सोमवारपासून.

८ डिसेंबर, रविवार
ओमप्रकाश येऊन गेला. आमच्याच वर्कशॉपातला फिटर. हात चांगला, नजर नाही. मोठ्या मनाने १९०६ दाखवला. त्याने अंकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "रुपराव, हे साल नोहे गा. साच्याचा नंबर हाय. माल पंजाबातला, चाळीस वर्साच्या पल्याडचा नसन."
मी हसलो. तो हसला नाही. पलंगाखालून माझा दुसरा व्हाइस ओढला, उलटा केला. त्यावरही १९०६. मग तिसरा. त्यावरही.
म्हणजे माझ्याकडे एकाच सालचे तीन आहेत! असा संच देशात कोणाकडे नसेल. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. एकोणतीस वर्षं माझ्या खिडकीशी हातोड्या मागत उभा राहिलेला माणूस, त्याच्या मनातला सल जाणार नाहीच.
नट लेथवर करून देतो म्हणाला, दोन दिवसांत. नको म्हणालो. मूळच पाहिजे.
निघताना विचारलं, "वहिनी कवा येते?" म्हणालो, उद्या-परवा. तो टेबलाजवळ थांबला. बोल्टांवर हात ठेवून म्हणाला, "टेबल बेज्या चांगलं होतं गा."
या लोकांना नेमकं काय पाहावं तेच कळत नाही.

२२ डिसेंबर
इतवारीत लोहा ओळी, लोखंडवाल्यांची अख्खी गल्ली, पालथी घातली. एका दुकानदाराने सरळ विचारलं, "काका, नवीन व्हाइसच काहून नाई घेत?" त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.
शेवटी दुसऱ्या नंबरच्या व्हाइसमधला नट काढायचं ठरवलं. एकाच साच्याचे, म्हणजे एकाच सालचे, तेव्हा तो मूळच धरावा लागेल. निघेना. हातोडी मारली. नट फुटला. आता दोन व्हाइस आवळत नाहीत. ओतीव लोखंड थंडीत ठिसूळ होतं. कोणी आधी सांगितलं नाही.
जेवण: बिस्किटं.

४ जानेवारी २०२५
हर्षाचा काटोलहून फोन. सासरी सगळं बरं. विचारत होती, "बाबा, आईले फोन केला का?" मी प्रदर्शनाच्या तयारीत आहे, म्हणालो. मग म्हणाली, "तिनं तिथं खोली घेतली, माहीत हाय ना?"
माहीत आहे म्हणालो. नव्हतं.
कौसल्याचं घर लहान आहे. दोघी बहिणींची भांडणं होत असतील. म्हणून खोली. एवढंच.
अरुंधतीचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो. होऊन गेला.

२६ जानेवारी, रविवार
आज प्रदर्शन झालं. 'विदर्भातील पहिले खासगी व्हाइस प्रदर्शन'. पलंग बाल्कनीत नेला. प्रत्येक व्हाइसला काळा रंग, समोर पुठ्ठ्यावर साल. चाळीस लोकांना सांगितलं होतं. झेंडावंदनानंतरची वेळ मुद्दाम ठेवली, लोक मोकळे असतात. तर्री-पोहे सांगितले. खुर्च्या भाड्याने.
आले दोघं. ओमप्रकाश, आणि शेजारचे दादाजी. दादाजींच्या हातात गेटची वाकलेली कडी. ती सरळ करायला आले होते. म्हणाले, "इतके व्हाइस हाय म्हणते, मंग काम होऊन जाईन." थांबवेपर्यंत कडी १९०६मध्ये धरून हाणलीही. जबडा सुटला, कडी त्यांच्याच पायावर. अंगठ्याचं नख गेलं. रंगही निघाला, जबड्यावर चांगला दोन इंच.
मी रंगाचं बोललो. आधी अंगठ्याचं बोलायला हवं होतं बहुतेक. दादाजी लंगडत गेले, पोहे न खाता. ओमप्रकाशने ती कडी पायरीवर ठेवून चार ठोक्यांत सरळ केली आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. परत आला नाही.
लोकांची लायकी नाही. पुढल्या वर्षी फक्त निमंत्रितांसाठी.

२८ जानेवारी
अजून पोहेच.

९ फेब्रुवारी
निर्णय झाला. अरुंधतीला घेऊन येतो. बुधवारी. काय बोलायचं ते कागदावर मुद्देवार काढलं, सात मुद्दे. पहिला, टेबल मोकळं करून देतो. सातवा, झालं ते झालं. मधल्या पाचांत तिच्या चुका आहेत, पण सौम्य शब्दांत. तीन वेळा मोठ्याने वाचला. ऐकल्यावर ती निघणारच. येताना दोन सीट धरायच्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
भिवापूर. स्टँडवर उतरताच ठसका लागला, जिकडेतिकडे लाल मिरची वाळत घातलेली.
खोली रस्त्यावरच आहे. दार उघडं. आत नवं टेबल, त्यावर मशीन. दोन बाया शिकायला बसलेल्या. अरुंधती काहीतरी सांगून हसत होती. मोठ्याने. घरी तिचा असा आवाज कधी ऐकल्याचं आठवत नाही. मला पाहून हसणं थांबलं. चष्मा काढला. "या. बसा," म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं.
बाया उठून गेल्या. मी कागद काढला नाही. पहिला मुद्दा पाठ होता. म्हणालो, टेबल मोकळं करून देतो.
"राहू द्या. मले घेतलं मी दुसरं."
म्हणालो, चल घरी. तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग बोलली. "एकतीस वर्सं तुमच्या घरी रायली मी. कोठं काय ठेवू, हे दरवेळी तुमाले विचारलं. इथं कोनाले विचारा लागत नाई."
'तुमच्या घरी' म्हणाली. 'आपल्या' म्हणायला हवं होतं. सांगणार होतो, राहिलं.
मी विचारलं, मग कधी येशील? म्हणाली, "येईन म्हून कोनं सांगतलं तुमाले?" रागाने नाही. राग असता तर माझ्याकडे उत्तर होतं, पाचवा मुद्दा.
कौसल्या ताट घेऊन आली. "भाऊजी, जेवून जा." भाकर, वरण, ठेचा. ठेचा फार तिखट. डोळ्यांतून पाणी थांबेना. इथली मिरचीच तशी.
चारच्या गाडीला बसवायला अरुंधती स्टँडपर्यंत आली. उजवीकडे बसा, डावीकडं ऊन लागते, म्हणाली. उजवीकडे बसलो. शेजारची सीट उमरेडपर्यंत रिकामी होती.

१५ फेब्रुवारी, सकाळ
चहा ठेवला आणि गॅस संपला. गॅसचं कार्ड सापडेना. सगळे ड्रॉवर पाहिले. शेवटी अरुंधतीला फोन केला. ती गेल्यापासून माझा हा पहिलाच फोन.
देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यामागं, म्हणाली. मागून मशीन चालल्याचा आवाज येत होता. फोन कानाला धरूनच गेलो. होतं तिथंच. सापडलं म्हणालो.
"अजून काई?"
नाही म्हणालो.