पंचावन्न अंश

प्रिय किनाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, असं धरून लिहिते आहे. तीन वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही. मिन्चोच्या दफनाच्या दिवशी तू माझ्या फाटकातूनच मागे फिरलीस, ते बरोबरच होतं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी पायाचं सांगते, कारण सध्या मला दुसरं काही सुचत नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात माझा उजवा गुडघा बदलला. डॉक्टर वाल्चेव म्हणाले, "आजी, मी नुसता सुतार. बिजागरी बसवून देतो, ती हलवायची तुम्ही." सहाव्या आठवड्यात गुडघा ब्याऐंशी अंश वाकायला लागला. नव्वद झाले की खुर्चीतून नीट उठता येतं, मोरीत एकटीला जाता येतं. मी वाचनालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं, स्नायूंची नावं पाठ केली. आठवीत शाळा सुटल्यापासून मला तीच सवय, एखादी गोष्ट वाचून कळली की भीती जाते. या वेळी गेली नाही. दुखणं कसं असतं ते त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. गुडघ्याभोवती कोणी ओलं कातडं आवळून बांधावं आणि ते दिवसभर वाळत राहावं, तसं ते असतं.

मग पवित्र आत्म्याचा सण आला. ईस्टरपासून मोकळी हिंडणारी आपली माणसं त्या दिवशी परत जातात, आणि आपण अक्रोडाच्या पानांवर गुडघे टेकून, पानांनीच डोळे झाकून त्यांना जाऊ द्यायचं. मिन्चो गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून मी एकदाही चुकले नव्हते. पाद्री सावांनी माझ्यासाठी भिंतीशी खुर्ची ठेवली होती. म्हणाले, "नेद्याल्का, तू इथे बस. देव काही गुडघे मोजत नाही." देव नसेल मोजत, पण मिन्चो मोजणार, असं माझ्या मनात आलं. वाल्चेवांनी कागदावर दोनदा लिहिलं होतं, गुडघे टेकायचे नाहीत. मी ते वाचलं होतं. तरीही सगळे खाली गेले तेव्हा मीही गेले. आधी डावा टेकला, मग उजव्यावर भार दिला. जुनी चादर टरकन फाटावी तसं आत काहीतरी झालं आणि मी शेजारच्या राद्काच्या अंगावर आडवी पडले. अख्ख्या चर्चमध्ये सगळ्यांचे डोळे पानांनी झाकलेले, आणि मी एकटी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते. किनाताई, मला तो कुठेच दिसला नाही.

जखम उसवली होती. पुन्हा टाके पडले, दोन आठवडे पाय पट्ट्यांत सरळ बांधून ठेवला. सोडला तेव्हा डॉक्टरांनी कोनमापक लावून मोजलं. पंचावन्न. सहा आठवड्यांची मेहनत मी एका दिवसात घालवली. ते चिडून म्हणाले, "आजी, तुम्ही पुस्तकं वाचता म्हणे. माझा एक कागद वाचवला नाही तुम्हाला?"

आता मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपते. मोजा घालता येत नाही, खाली पडलेलं उचलता येत नाही. राद्का बिचारी रोज येते, दोन्ही हातांनी नडगी धरून दाबते. मी कण्हले की सोडते आणि मलाच मिठी मारून रडते. "नाही गं माझ्याच्यानं होत, तू माझ्या आईसारखी ओरडतेस," म्हणते. मग दोघी कॉफी पितो आणि पाय होता तिथेच राहतो. मागच्या आठवड्यात मी काठीनं त्या पायाला मारलं. मुद्दाम, दोनदा. राद्कानं काठी काढून घेतली आणि चार दिवस ती माझ्याकडे देत नव्हती. मिन्चोवाचून तीन वर्षं काढली ती मी उभी राहून काढली. अंगण झाडायचं, सरपण आणायचं, त्याच्या थडग्यावर फुलं लावायची. आडवं पडून मला ते जमत नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो, आता कशासाठी उठायचं.

आता ते तीन वर्षांपूर्वीचं. मिन्चोला झटका आला शुक्रवारी. तो गेला रविवारी. तुला मी फोन केला तो गेल्यावर. तू फाटकात सगळ्यांसमोर विचारलंस, "दोन दिवस तुझा फोन मेला होता का?" आणि मी म्हणाले, धांदलीत राहून गेलं. ते खोटं होतं. फोन माझ्या उशाशी होता. तू आली असतीस तर त्याच्या पलंगाशी तू बसली असतीस, डॉक्टरांशी तू बोलली असतीस, आणि मी चहा करत राहिले असते, लग्नापासून राहिले तशी. आम्हाला मूल नव्हतं. मला ते दोन दिवस तो माझ्या एकटीचा हवा होता. तो मला मिळाला आणि तुझा भाऊ तुझ्या हातून गेला. याची माफी मी मागत नाही. ती देण्यासारखी गोष्ट नाही, हे मला कळतं.

पुढच्या मंगळवारी वाल्चेव मला भूल देऊन गुडघा जोर लावून वाकवणार आहेत. त्याच दिवसापासून सहा आठवडे, दिवसातून पाच वेळा, कोणीतरी तो दाबायला हवा. नाहीतर आठ दिवसांत पुन्हा आखडेल, मग कायमचाच. त्यांनी विचारलं, "घरी कोण आहे? कोणी नसेल तर मी हात लावणार नाही." मी म्हणाले, नणंद आहे. त्यांनी कागदावर तुझं नाव लिहून घेतलं. तुला न विचारता मी हे सांगितलं, म्हणून हे पत्र. मिन्चो सांगायचा, लहानपणी त्याचं कोपर मोडलं तेव्हा तू महिनाभर रोज त्याचा हात ओढून सरळ करायचीस. तो तुला चावला तरी सोडायची नाहीस. त्याचा तो हात शेवटपर्यंत सरळ होता. मला माया करणारी माणसं नकोत, किनाताई, त्यांचे हात माझ्या रडण्यानं सैल पडतात. मला तुझे हात हवेत. तुझा माझ्यावरचा राग घेऊनच ये, तो घरी ठेवून येऊ नकोस. मी ओरडेन, तुला शिव्या देईन, मिन्चोची शपथ घालेन. थांबू नकोस.

तू मान किंवा नको मानूस, तुझीच,
नेद्याल्का