तिसऱ्या पायरीवरची उडी

ता. ३ जून

ती. ताईस टोळाचा शि. सा. न.

आधी बस. बसलीस? तुझ्या भावाला कारखान्यात बक्षीस मिळालंय! स्टेजवर बोलावून, टाळ्या वाजवून. मला अजून घाम फुटतोय, कारण मी केली होती फक्त खोडी.

झालं असं. आमच्याकडे नवे सुधारणासाहेब आलेत. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून फिरतात, कोण किती वेळा वाकतो ते मोजतात. त्यांनी भिंतीला पेटी लावली आणि सांगितलं की वेळ कुठे वाया जातो ते चिठ्ठीवर लिहून टाका. आपल्या काकांचं काम तुला ठाऊकच आहे. तयार झालेली प्रत्येक शिडी भिंतीपाशी न्यायची, तिसऱ्या पायरीवर चढून एक उडी मारायची, शिडी टिकली की त्याच पायरीखाली खडूने गोल काढायचा. बावीस वर्षं हेच. मी लिहिलं की काका एवढे चढलेत की एव्हाना चंद्रावर पोचले असते, आता उतरवा त्यांना, शिडीमागे चाळीस सेकंद वाचतील. वाटलं, साहेब हसतील, काका कान पिळतील, विषय संपेल.

साहेब हसलेच नाहीत. घड्याळ लावून बसले, तर बरोब्बर चाळीस सेकंद निघाले! मी चंद्राच्या बाता मारल्या नि सेकंद खरे ठरले. सोमवारपासून उडी बंद. आता पन्नासातली एक शिडी तपासतात. काकांना गोदामात पुठ्ठे रचायला बसवलंय आणि महिनाअखेरीस घरीच पाठवणार म्हणतात. मी साहेबांना सांगायला गेलो की ती गंमत होती, तर म्हणाले की नम्रपणा चांगला गुण आहे.

काका जेवायला शेजारीच बसतात, पण त्यांचा डबा आता माझ्याकडे सरकत नाही.

बक्षीस म्हणजे सोमवारची पहिली शिडी, लाल रिबीन बांधून. मला काय करायचीय? दाजींना रंगकामाला लांब शिडी हवीच होती, म्हणून ट्रकने धाडलीय.

माया आटवू नकोस, एवढंच.

टोळ

ता. १० जून

चि. टोळास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तरी वेगळं काही निघेल म्हणून. निघालं नाही. अरे, ज्या माणसाने तुला हाताला धरून त्या कारखान्यात चिकटवलं, त्यालाच तू चंद्रावर पाठवलंस? लहानपणी शेजाऱ्यांची बेल वाजवून पळायचास तेच बरं होतं. साहेबांकडे परत जा. नम्रपणा म्हणाले तर म्हणू देत, कान धरून खरं सांग.

यांना शाळेची तीन मजली इमारत रंगवायचं काम मिळालंय. वीस तारखेला सुरू. जुनी शिडी आखूड पडते, म्हणून रोज दारात उभे राहून तुझ्या शिडीची वाट बघतात.

राग आहे, मायाही आहे, सध्या राग वरचढ.

ताई

ता. १६ जून

ताई, नमस्कार-बिमस्कार नंतर. दाजींना त्या शिडीवर चढू देऊ नकोस!

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितोय. काल जेवणाच्या सुट्टीत पोटाला पुठ्ठे बांधून मी काकांची नक्कल केली. पॅकिंगला आलेली एक शिडी लावली, तिसऱ्या पायरीवर गेलो आणि मारली उडी. पोरं हसेपर्यंत पायरी निघून खाली! मनगट मोडलं. काका पुठ्ठे टाकून धावत आले. आधी माझा हात बघितला, मग ती पायरी. तिला दांड्यात धरणारी खिळी त्यांनी चिमटीत घेतली आणि म्हणाले की आखूड आहे, पकडच नाही. खिळ्यांचा हा नवा माल कधीपासून लागला विचारलं, तर उडी बंद झाली त्या सोमवारपासूनच.

त्या सोमवारची पहिली शिडी तुमच्याकडे आलीय, ताई. तुमच्या खालच्या दुकानात चार वेळा फोन लावला, नुसती घंटा वाजते. जलद टपालाने टाकतोय. वीसच्या आत पोचू दे.

टोळ

ता. १७ जून

चि. टोळास अ. उ. आ.

शिडी काल आली. हे लहान पोरासारखे खूश! रिबीन सोडली, शिडी आडवी केली, तिसऱ्या पायरीखाली हात फिरवला आणि हात झटकून उभे राहिले. म्हणाले की रिबीन आहे, खडू नाही. मी तुझं पत्र दाखवलं की आता तशी पद्धतच राहिली नाही. तर म्हणाले की अकरा वर्षं मी त्या गोलाच्या भरवशावर चढतोय, कंपनीच्या नावावर नाही. पाय ठेवला नाही बघ!  या माणसाच्या तोंडून माझ्या माहेरचं कौतुक पहिल्यांदा ऐकलं.

शिडी परतीच्या ट्रकने पाठवलीय. काम आठवडाभर पुढे गेलं, मुख्याध्यापक कुरकुरतायत. काकांना नमस्कार सांग. तुला नाही.

ताई

ता. २८ जून

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र गेटवर वाचलं आणि तिथेच फुटपाथवर बसलो. 

मी पडलो तेव्हा साहेब म्हणाले होते की एखादी शिडी खराब निघायचीच. तुमची शिडी आल्यावर काकांनी ती साहेबांसमोर लावली आणि तिसऱ्या पायरीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या. दुसरी ठेवताच पायरी निखळली. साहेबांचा चेहरा असा पडला की मला खोडी सुचेना. त्यांनी त्याच दिवशी लाइन थांबवली, विकलेल्या शिड्या परत मागवल्या. दोन अजून सापडल्या नाहीत. त्यांची मी रोज चौकशी करतो.

मग मी दुसरी चिठ्ठी टाकली, खाली नाव घालून. पहिली खोडी होती हेही लिहिलं. आणि यावेळी खरोखर मोजलं. उडीला लागतात चार सेकंद. बाकीचे शिडी भिंतीपर्यंत नेण्या-आणण्यात जातात. मग भिंत कशाला? लाइनच्या टोकालाच लोखंडी टेकू लावा. साहेबांनी परत घड्याळ लावलं. चाळीसचे बारा सेकंद झाले! आता खिळ्याही आधी मापून घेतात, आणि काका जागेवर परत आलेत.

मी कान पुढे करून उभा होतो. काकांनी डबा माझ्याकडे सरकवला, आणि जेवण झाल्यावर खडू हातात दिला. म्हणाले की आता चंद्रावर तू जा, माझे गुडघे दुखतात.

दाजींची नवी शिडी आज निघाली. उडी मारताना काकांनी माझी कंबर धरली होती. पायरीखालचा गोल अंड्यासारखा दिसेल, डाव्या हाताचा आहे. उडी दोन्ही पायांनी मारलीय.

आता थोडा नमस्कार मलाही पाठव.

टोळ