स्टूल दामूचं

मी खाली सही करणारी, जन्मभर शिवणकाम करून जगलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी समोर बसलेल्या डॉक्टरांना विचारावं. त्यांच्या कोटाची बाही उसवली आहे हे आत्ताच मी त्यांना दाखवून दिलं.

१. दुकान, मशिनं आणि कटिंगचं टेबल काज-बटण करणाऱ्या बाईंना द्यावं. त्या शिवणीत माया जरा कमी सोडतात. पुढे कपडा सैल करता आला पाहिजे, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.

२. मोठी कात्री थोरल्या बंधूंना. त्यांच्या जिभेला जोडीदार मिळेल. धाकटी बहीण आणि मेहुणे अपघातात गेले आणि त्यांची रांगती मुलगी मी घरी आणली, तेव्हा हे म्हणाले होते, "दुसऱ्याचं लेकरू कुठवर बांधून ठेवशील?" राग आता नाही. विसरलेही नाही.

३. त्या मुलीला मी खरंच बांधत असे. इस्त्रीकडे धाव घ्यायची, म्हणून कापडाच्या मऊ पट्टीने तिची कंबर स्टुलाला बांधायची. त्यावरून मी तिला दामू म्हणू लागले, दामोदरातली. बंधूंनी कपाळाला हात लावला, "अगं, मुलीला बाप्याचं नाव?" देवाचं आहे, म्हटलं. दिवसभर तिला हाका मारण्यातच माझं नामस्मरण होई. जपमाळ धरायला हात रिकामे होते कुठे?

दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. खोड्या फार करतो म्हणून आई त्याला उखळाला बांधायला गेली, तर घरातली सगळी दोरी जोडूनही दोन बोटं कमीच पडे. शेवटी आई घामाघूम झालेली बघून तो आपणहून बांधला गेला. ज्याला कशानेच बांधता येत नाही तो प्रेमाने बांधून घेतो, एवढा अर्थ सगळेच सांगतात. पुढचा मला दामूने शिकवला. एकदा मशीनवरून मान वर केली, तर ही स्टूल ओढत उंबऱ्यापर्यंत पोचलेली, रस्त्याकडे बघून हसत होती. तेव्हा आठवलं, तोही बांधला म्हणून बसून राहिला नव्हता. उखळ ओढत अंगणात गेला आणि शापाने झाडं होऊन अडकलेल्या दोघांना सोडवून आला.

४. दामू आता नर्स आहे. दूरच्या शहरात, लहान मुलांच्या इस्पितळात तिला नोकरी आली आहे. म्हणते, "तुला टाकून कुठे जाऊ मावशी? आणि तुझ्यामागे दुकान कोण बघेल?" मला मरणाची भीती नाही, याची आहे. माझ्या आठवणी राखत ती इथेच बसेल. म्हणून दुकान तिला देत नाही. वरची खोली तिची. विकावी, भाड्याने द्यावी, पण माझी म्हणून जपत तिथे राहू नये.

५. अंमलबजावणी शेजारच्या बटणवाल्यांनी करावी. दामू रडेल. त्यांनी विरघळू नये.

६. स्टूल दामूचं. पट्टी त्याच्या पायाला अजून आहे, ती गाठ मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. तिने फक्त चालत राहावं. नोकरीवर जाताना स्टूल घेऊन जावं. जड वाटलं तर ओढत न्यावं.

सही: दामूची मावशी
साक्षीदार: १. डॉक्टर (बाही शिवून घेतली) २. बटणवाले शेजारी
ठिकाण: दुकान, कटिंगच्या टेबलापाशी
तारीख: आजची, डॉक्टरांनी शिक्क्याखाली घातली आहे