घरची फाईल, गावची फाईल

उस्ताद, तुमची आठवण येते ती स्वयंपाकघरासकट येते. अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो पिठाच्या कोठीशेजारी. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बसल्यावर तुम्ही पुस्तकांसोबत मिळणाऱ्या सीड्यांवरून लिनक्स शिकलात. मी अकोल्याच्या एका दवाखान्यातला औषध-भांडाराचा कारकून, रविवारची एसटी पकडून तुमच्याकडे शिकायला यायचो. भाभी रोट्या लाटताहेत आणि म्हणताहेत, "तुमी दोघं या डब्ब्याशीच निकाह लावून घ्या, मी चालली माहेरी." तुम्ही मान वर न करता म्हणता, "जाय, पण भाजी करून जाय."

डेटाबेसला जोडणी कशी करायची ते तुम्ही तिथेच शिकवलं. "ड्रायव्हर म्हंजे जीपवाला, भाऊ. आपला प्रोग्राम म्हंजे सवारी. एका फाईलीत लिवाचं, जीपवाला कोण अन् तो कुठं भेटते. दुसऱ्या फाईलीत लिवाचं, जायाचं कुठं. कोणतं मशीन, कोणता डेटाबेस. बस. हातानं लिवाच्या दोन साध्या फाईली." ही दुसरी फाईल दोन ठिकाणी असू शकते, हेही तेव्हाच कळलं. एक साऱ्या मशीनसाठी, ती गावची. दुसरी ज्याच्या त्याच्या फोल्डरात, नावाआधी टिंब लावलेली, म्हणून सहजी न दिसणारी. ती घरची. मशीन आधी घरची वाचतं, ती नसेल तर गावची. मी घरची फाईल लिहिली, साठा पडद्यावर आला आणि मी "झालं" म्हणालो. तुम्ही चष्मा काढलात. "काय झालं? तू आपल्या घरात बसून म्हणून राहिला का गावात पाणी आलं. गावच्या नळावर जाऊन पाह्य ना! ज्याले वापराचं हाय त्याच्या लॉगिनवर बसून पाह्य." मला राग आला होता. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला भाभींसमोर असं बोलायचं म्हणजे काय.

त्या वर्षांत आमच्याकडे तेल्हाऱ्याकडून, दर्यापूरकडून विष भिनलेली माणसं रोज येत. फवारताना भिनलं, असं सगळेच सांगत, आणि आम्हीही पुढे विचारत नसू. विषावरच्या इंजेक्शनांचा साठा वॉर्डातल्या पडद्यावर दिसावा, एवढ्यासाठी तर तुम्ही ते सगळं फुकटात उभं करून दिलं होतं. मग भांडाराचा डेटाबेस नव्या मशीनवर हलवायची वेळ आली. तुम्ही अमरावतीला, मी एकटा. मी नव्या मशीनचा पत्ता आधी माझ्या घरच्या फाईलीत लिहून पाहिला. वॉर्डात जाऊन, तिथल्याच खुर्चीत बसून तपासला. सगळं ठीक. पण लॉगिन माझंच होतं, म्हणून मशीननं माझीच घरची फाईल वाचली. गावच्या फाईलीत जुनाच पत्ता राहिला, आणि जुनं मशीन मी सवयीनं चालू ठेवलेलं. ते बंद असतं तर पडद्यावर एरर आला असता आणि सिस्टरनं उठून भांडारात विचारलं असतं. ते चालू होतं, म्हणून सिस्टरला शून्य दिसलं. दोन आठवड्यांपूर्वीचं शून्य; त्यानंतर आलेला साठा फक्त नव्या मशीनवर चढला होता.

हिवरखेडकडची बाई होती. तिचा भाऊ चिठ्ठी घेऊन दुपारच्या उन्हात शहरातली औषधाची दुकानं फिरत होता, आणि इंजेक्शनांचे खोके माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. तो परत आला तोवर बाई गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणलंच उशिरा होतं. असेलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. बराच वेळ एकटेच मशीनसमोर बसलात. मग दवाखान्याच्या साहेबांपुढे उभं राहून म्हणालात, "गलती माही हाय, साहेब. मीच लिवलं ते." साहेबांनी तुम्हाला पुन्हा या कामाला बोलावलं नाही. बाहेर चहा घेताना तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोणाच्या लॉगिनवर पाह्यलं होतं, भाऊ?" मी म्हणालो, "सिस्टरच्या." तुम्ही बशीतला चहा फुंकलात. "अच्छा," म्हणालात, आणि पावणेबाराची गाडी आहे म्हणून निघालात.

संध्याकाळी मी लॉगिन केलं. माझी घरची फाईल नव्हती. त्यातल्या ओळी जशाच्या तशा गावच्या फाईलीत गेल्या होत्या. म्हणजे चहाच्या आधीच तुम्हाला सगळं माहीत होतं. त्यानंतरही मी रविवारी येत राहिलो, भाभी जेवू घालत राहिल्या, तुम्ही शिकवत राहिलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही नाही. मग तुम्ही गेलात. जनाज्याला मी मागे उभा होतो. रडू आलं नाही. तुमच्या जाण्याचं असो की त्या बाईचं, आत काही हललं नाही, अजून हललेलं नाही. हात बधिर झाल्यावर चिमटा काढून पाहावा तसं मी मधूनमधून आठवून पाहतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? भाभीही आता नाहीत. लबाडी तर तुम्हाला तेव्हाच कळली होती, ती आज कबूल करण्यात काही मोठेपणा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. निवृत्त होईपर्यंत ते मशीन मीच सांभाळलं. त्या दिवशी दाखल झालेल्या रुग्णांची यादीही त्याच मशीनवर होती, एका ओळीत विचारलं असतं तर समोर आली असती. ती बाई कोण होती, काय वयाची होती, तिला लेकरं होती का, मी कधी पाहिलं नाही.